गिऱ्हाइकाच्या घरी जाणारे चित्र

२०१० सालच्या डिसेंबरात माझ्या हातून एक चूक घडली. चूक तशी लहानच, पण तिच्यापायी मला एका वृद्ध कारखानदारापुढे कमरेत वाकून माफी मागावी लागली. त्या भेटीत एक विषय माझ्या मागे लागला, तो अजून सुटलेला नाही. विषय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल: आपल्या ग्राहकांना ई-मेलने वार्तापत्र पाठवायचे, तर त्यात चित्रे घालावीत की नाही, आणि घालायचीच तर कशी? पण जपानमध्ये ह्या किरकोळ प्रश्नाला तीनशे वर्षांचा इतिहास आहे असे मला हळूहळू कळत गेले. माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली. इतिहासात मी हौशी माणूस. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी चूक सांगतो. मी तेव्हा एका लहानशा कंपनीत होतो. यंत्रांचे सुटे भाग मोजून त्यांचा तपासणी-तक्ता छापून देणारी प्रणाली आम्ही बनवीत असू. आमचे बरेचसे ग्राहक म्हणजे टोकियोच्या ओता भागातले आणि आसपासचे पाच-दहा माणसांचे कारखाने. त्यांना दर महिन्याला आमचे एक वार्तापत्र जाई, साध्या अक्षरांत, चित्राविना. त्या डिसेंबरात कुणीतरी म्हणाले की आपले पत्र फारच रूक्ष दिसते. येणारे २०११ हे सशाचे वर्ष होते. मग बर्फाचा डोंगर, त्यापुढे दोन ससे, वर नववर्षाच्या शुभेच्छा आणि खाली सुबक वळणदार अक्षरांत सुट्टीच्या तारखा, असे एक मोठे चित्र तयार झाले. त्याच चित्राच्या तळाशी आणखी एक सूचना होती: जुना परवाना क्रमांक ३१ डिसेंबरला संपतो, नवा क्रमांक घातल्याशिवाय प्रणाली चालणार नाही.

पत्रे पाठविणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. पुष्कळ ठिकाणी चित्र आपोआप उघडत नाही, वाचणाऱ्याने बटण दाबावे लागते, हेही मला ठाऊक होते. दाबतील की, असे मनाशी म्हणून मी पत्र रवाना केले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. एका कारखान्यात आमची प्रणाली बंद पडली होती. माल तयार होता, पण तपासणी-तक्ता छापता येत नव्हता, आणि तक्त्याशिवाय माल हलवता येत नव्हता. खोकी दोन दिवस दाराशी पडून राहिली. जपानमध्ये दोन दिवस उशिरा माल देणे म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्या वाचकांना सांगायला नको.

मी आणि माझे वरिष्ठ मिठाईचा खोका घेऊन माफी मागायला गेलो. मालक सत्तरी ओलांडलेले. त्यांनी आवाज चढविला नाही. आमचे पत्र त्यांनी कागदावर छापून ठेवले होते, तो कागद त्यांनी आमच्यापुढे ठेवला. त्यावर एक रिकामी चौकट, तिच्या कोपऱ्यात एक बारीकशी फुली, बस्स. "तुमचे पत्र मिळाले," ते म्हणाले, "यात काय लिहिले आहे, तेवढे मला वाचून दाखवा."

मान खाली घालून उभा असताना माझी नजर त्यांच्या मागच्या कपाटाकडे गेली. तिथे लाल रंगाची, खण असलेली एक औषधाची पेटी होती. निघताना धीर करून मी त्या पेटीबद्दल विचारले. तोयामाच्या औषधवाल्याची पेटी, ते म्हणाले. तो वर्षातून दोनदा येतो. त्याचा बाप आमच्या वडिलांकडे यायचा. आणि मग जरा हसून म्हणाले, तो काही सांगायचे असले की तोंडाने सांगतो, चित्र वेगळे देतो.

त्या वाक्याचा मागोवा घेत मी पुढे तोयामाला गेलो.

तोयामा हे जपानी समुद्राच्या बाजूचे, पाठीशी उंच डोंगर असलेले शहर. २०१५ साली होकुरिकु शिंकान्सेन तिथे पोहोचली आणि टोकियोहून दोन-सव्वादोन तासांचा प्रवास झाला. आख्यायिका अशी की १६९० साली एदोच्या किल्ल्यात एका सरदाराच्या पोटात कळ उठली. तोयामाचे सरदार माएदा मासातोशी यांनी जवळची 'हांगोन्तान' नावाची गोळी दिली आणि कळ थांबली. ते पाहून इतर सरदारांनी आपापल्या मुलखातही हे औषध पाठवा असा आग्रह धरला. आख्यायिका खरी असो वा नसो, तोयामाचे औषधविक्रेते पुढे साऱ्या जपानभर पायी हिंडू लागले हे मात्र खरे.

त्यांची विक्रीची रीत मोठी विलक्षण होती. आधी वापरा, पैसे मागाहून. औषधांची पेटी गिऱ्हाइकाच्या घरी ठेवून विक्रेता निघून जाई. वर्षाने, सहा महिन्यांनी परत येऊन पेटी उघडी, जेवढे वापरले तेवढ्याचेच पैसे घेई आणि पेटी पुन्हा भरून देई. हे सारे चाले एका वहीवर. तिला 'काकेबा-चो' म्हणत. कुठल्या गावी कुणाचे घर, मागल्या खेपेला कोणती औषधे किती संपली, किती पैसे आले, किती राहिले, याची त्यात नोंद असे. ही वही एवढी मोलाची की ती विकता येई, गहाण ठेवता येई. आज आम्ही जिला ग्राहकांची यादी म्हणून संगणकात जपतो, तिची ही आजी!

आणि ह्या विक्रेत्याच्या पाठीवरच्या पेटाऱ्यात औषधांबरोबर चित्रे असत. लाकडी ठशांनी छापलेली रंगीत चित्रे: काबुकी नट, एबिसु आणि दाइकोकु ही लक्ष्मीपुत्र दैवते, वर्षाची दिनदर्शिका, आणि 'कशाबरोबर काय खाऊ नये' याचे तक्ते. वाम मासा आणि खारवलेला उमे, तेम्पुरा आणि कलिंगड, अशा जोड्या त्यांत काढलेल्या असत. एदो काळाच्या शेवटापासून मेइजी काळापर्यंत अशी चित्रे खुद्द तोयामात छापली जात. नंतर मुलांसाठी कागदी फुगे आले. तोयामाच्या संग्रहालयात ही चित्रे, ते पेटारे आणि त्या वह्या जवळजवळ मांडलेल्या पाहिल्या आणि म्हाताऱ्या मालकांचे म्हणणे माझ्या ध्यानात आले.

त्या विक्रेत्याने, नकळत का होईना, तीन अटी पाळल्या होत्या. पहिली, चित्र त्याच घरी जाई जिथे त्याचे येणे-जाणे होते. वहीत नाव नसलेल्या घरात तो ते फेकून जात नसे. दुसरी, चित्राचा भार गिऱ्हाइकावर पडत नसे. तिसरी, चित्र हे वरकड असे. औषधाची मात्रा आणि हिशेब हे तो वेगळे, स्पष्ट सांगे. चित्र हरवले, फाटले, मुलांनी रंगवून टाकले, तरी औषध चुकत नसे. माझ्या सशांच्या चित्राने तिसरी अट मोडली होती.

याचा अर्थ अक्षरे चित्रात मिसळणे जपानला ठाऊक नव्हते असे नाही. जुन्या चांद्र पंचांगात तीस दिवसांचे मोठे महिने आणि एकोणतीस दिवसांचे छोटे महिने दरवर्षी निराळ्या क्रमाने येत. पंचांग छापण्याचा हक्क मोजक्यांनाच होता. तेव्हा हौशी लोक चित्रातच, एखाद्या स्त्रीच्या किमोनोच्या नक्षीत, महिन्यांचे आकडे दडवून ठेवीत आणि ती चित्रे एकमेकांना भेट देत. १७६५ साली एदोत ह्या चित्रपंचांगांची मोठी टूम निघाली. सुझुकी हारुनोबूने ह्याच निमित्ताने अनेक रंगांच्या छपाईचा पाया घातला, आणि जगाला वेड लावणारी 'निशिकी-ए' चित्रे पुढे आली. पण तिथे आकडा शोधणे हाच खेळ होता, आणि तो खेळणाऱ्याला डोळे होते, फुरसत होती. खोकी दाराशी थांबलेली नव्हती!

दुकानदारांची वाट वेगळी होती. १६८३ साली मित्सुई ताकातोशीने आपले एचिगोया हे कापडाचे दुकान एदोच्या सुरुगा-चो भागात हलविले आणि शहरभर पत्रके वाटली: रोखीचा व्यवहार, स्वस्त दर, किंमत फुगवलेली नाही. अशा पत्रकांना 'हिकिफुदा' म्हणतात. मेइजी काळात ह्या हिकिफुदांना रंगीत चित्रांचे पंख फुटले. ओसाकाचे छापखाने खजिन्याच्या नौका, दैवते, सुंदर स्त्रिया, पुढे आगगाडी आणि टेलिफोनसुद्धा, अशी चित्रे आधीच छापून ठेवीत आणि कडेला जागा कोरी सोडीत. सोयाबीनचा व्यापारी असो की छत्र्यांचा, तो नमुन्यांतून चित्र निवडी आणि कोऱ्या जागेत आपले नाव, पत्ता, माल छापून घेई. नववर्षाच्या सुमारास ही पत्रके ठरलेल्या गिऱ्हाइकांना जात. आज आम्ही वार्तापत्राचे तयार साचे विकत घेतो, त्यात निराळे काय करतो?

ह्या चित्रांतून पुष्कळदा दिनदर्शिकाही असे, आणि तिची गरज खरोखरीची होती. जपानने जुने पंचांग सोडले तेव्हा मेइजी ५ च्या बाराव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवसानंतर एकदम १ जानेवारी १८७३ उजाडला. महिनाभर हवेत विरून गेलेल्या माणसांना भिंतीवर तारखांचा कागद हवाच होता. दुकानदाराने तो दिला आणि वर्षभर त्या घराच्या भिंतीवर आपले नाव टांगून ठेवले.

इथे मराठी वाचकाला आपल्या लहानपणीचे वाण्याचे दुकान आठवेल. दिवाळीनंतर तेलाच्या डब्याबरोबर मिळालेले, लक्ष्मी किंवा विठोबाचे चित्र असलेले, खाली दुकानाचे नाव छापलेले कॅलेंडर कुणाच्या स्वयंपाकघरात नव्हते? राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देव घरोघरी कागदावरून पोहोचले. मौज अशी की त्याच देवांनी जपानचीही वारी केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोबे आणि ओसाका भागातून हिंदुस्थानात काडेपेट्या निर्यात होत. त्यांवर कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती, कित्येकदा रविवर्म्याच्या चित्रांवरून उचललेली, आणि खाली 'जपानमध्ये बनविलेले' ही अक्षरे! गिऱ्हाईक ओळखावे आणि त्याला आवडेल ते चित्र द्यावे, हे कोबेच्या काडेपेटीवाल्याला कळले होते. पण लेबल फाटले तरी काडी पेटायची थांबत नसे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले, त्याचेही मर्म तेच असावे असे मला वाटते. तिथी, सण, एकादशी ही माहिती अक्षरांत आणि आकड्यांत होती. चित्र तिच्या सोबतीला होते.

आता ई-मेलकडे वळतो.

ई-मेलचा जन्म मुळी चित्रासाठी झालाच नव्हता. १९८२ साली पक्क्या झालेल्या नियमांप्रमाणे पत्रात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे एवढेच बसे. चित्र सोडा, जपानी भाषासुद्धा बसत नव्हती. १९८४ साली मुराई जुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियोतली विद्यापीठे जोडून 'जुनेट' हे जाळे उभारले. आमच्या मातृभाषेत पत्र लिहिता आलेच पाहिजे, असा प्रश्न तिथे लगेचच उभा राहिला. विशिष्ट खुणांमध्ये कांजी गुंडाळून, इंग्रजीसाठी खोदलेल्या अरुंद नळीतून ती पाठविण्याची युक्ती जुनेटवर रुळली. १९९३ साली ती सर्वांसाठी लिखित नियम म्हणून प्रसिद्ध झाली. नियमाच्या लेखकांत मुराई यांचे नाव आहे.

चित्रासाठी दार उघडले ते अमेरिकेत. ११ मार्च १९९२ रोजी नेथॅनियल बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायक चौकडीचा फोटो ध्वनिफितीसह ई-मेलला जोडून पाठविला. त्यांनी आणि नेड फ्रीड यांनी मिळून ह्याची नियमावली बांधली, ती 'माइम' म्हणून ओळखली जाते. युक्ती साधी आहे. चित्राचे तीन बाइट घ्यायचे, त्यांची चार साधी अक्षरे करायची, आणि ती अक्षरे जुन्याच नळीतून सोडायची. चित्र त्यामुळे एक तृतीयांशाने जाड होते, पण पलीकडे सुखरूप पोहोचते.

ह्याच नियमावलीत एक फार शहाणपणाची सोय पहिल्या दिवसापासून होती. एकाच पत्रात तोच मजकूर दोन रूपांत ठेवता येतो, एक साधा आणि एक नटलेला. वाचणाऱ्याच्या यंत्राला जे झेपेल ते त्याने दाखवावे. तोयामाच्या विक्रेत्याची तिसरी अटच ही! १९९२ साली लिहिलेली ही सोय मी २०१० साली वापरली नाही. एवढे एकच काम मी केले असते, तर त्या कारखान्याची खोकी वेळेवर हलली असती.

जपानी व्यापारी जगाने मात्र पुष्कळ काळ चित्राला दारातच उभे ठेवले. जानेवारी १९९७ मध्ये 'मागुमागु' ही सेवा सुरू झाली आणि ई-मेलने नियतकालिके वाटण्याची जपानमध्ये मोठी लाट आली. ती सारी अक्षरांची. पण जपानी माणसाला सजावटीवाचून चैन पडेल काय? त्याने काळे चौकोन, शंकरपाळे, जाड रेघा ही छपाईची चिन्हेच ओळीने मांडली आणि त्यांच्या चौकटी, पट्ट्या, मथळे बनविले. जुन्या वार्तापत्रांच्या त्या रांगोळ्या पाहिल्या की मला अंगणातले ठिपके आठवतात.

मग फोन आले. २२ फेब्रुवारी १९९९ रोजी एनटीटी डोकोमोने 'आय-मोड' सुरू केले. सुरुवातीला एका पत्रात २५० जपानी अक्षरे मावत. एवढ्या जागेत मायाही व्यक्त करायची आणि वेळही कळवायची! कुरिता शिगेताका आणि त्यांच्या मंडळींनी बारा ठिपके रुंद, बारा ठिपके उंच अशा घरात १७६ चित्राक्षरे बसविली: सूर्य, छत्री, बिअरचा पेला, तुटलेले हृदय. जपानी फोनवर चित्राक्षरे याआधीही, १९९७ साली, आली होती. पण रुळली ती आय-मोडमुळे. २०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हा १७६ चा संच आपल्या संग्रहात घेतला. त्यातली किमया तांत्रिक होती. प्रत्येक चित्राला अक्षरासारखा एक क्रमांक होता, म्हणून ते अक्षराच्याच भावात जाई.

खरे चित्र मात्र महाग होते. नोव्हेंबर २००० मध्ये जे-फोनने शार्पचा कॅमेरा असलेला फोन बाजारात आणला. कॅमेरा एक लाख दहा हजार ठिपक्यांचा. फोटो काढून तिथल्या तिथे पाठविण्याला 'शा-मेल' हे नाव पडले, आणि तो शब्द बोलीत क्रियापदासारखा वावरू लागला. पण आय-मोडवर १२८ बाइटांचे एक पाकीट धरून पाकिटामागे ०.३ येन आकार पडे, आणि तो पत्र घेणाऱ्यालाही पडे. हिशेब करून पाहा. अडीचशे अक्षरांचे पत्र म्हणजे ५०० बाइट, चार पाकिटे, जेमतेम सव्वा येन. दहा किलोबाइटचे एवढेसे चित्र म्हणजे ८० पाकिटे, २४ येन. दुकानदाराने नटवून पाठविलेल्या जाहिरातीचा टपालखर्च गिऱ्हाईक भरी! तोयामाची दुसरी अट मोडली ती अशी. २००३-०४ पासून कंपन्यांनी महिन्याच्या ठरावीक आकारात अमर्याद वापर द्यायला सुरुवात केली, तेव्हा ही अडचण हळूहळू ओसरली. २००४ सालीच डोकोमोचे 'देको-मेल' आले आणि फोनवरची पत्रे रंगीबेरंगी झाली.

पहिली अट, म्हणजे वहीतल्या नावाची, त्याआधीच धुळीला मिळाली होती. २००० नंतर अनाहूत जाहिरातींनी जपानी फोन बेजार केले. रात्री-अपरात्री फोन वाजायचा आणि वर पाकिटांचे पैसे. जुलै २००२ मध्ये त्यासाठी कायदा लागू झाला. पण तो मऊ होता: न मागितलेली जाहिरात असेल तर विषयाच्या ओळीत तसे लिहा, आणि समोरच्याने नको म्हटले की थांबा. नको म्हणण्याचे काम गिऱ्हाइकाकडेच. अखेर २००८ साली कायदा सुधारला आणि डिसेंबरापासून नियम उलटा झाला: आधी होकार, मग जाहिरात. तोयामाच्या वहीला जे कळत होते, ते सरकारी राजपत्रात यायला एवढी वर्षे लागली.

चित्राची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे, कारण माझ्या सशांच्या जागी रिकामी चौकट दिसण्याचे तेच कारण. ई-मेलमधले चित्र पत्राबरोबर येईलच असे नाही. पुष्कळदा पत्रात फक्त चित्राचा पत्ता असतो, आणि पत्र उघडले की वाचणाऱ्याचे यंत्र त्या पत्त्यावर जाऊन चित्र आणते. म्हणजे पाठविणाऱ्याला कळते, अमक्याने अमक्या वेळी पत्र उघडले. मग लोकांनी एक ठिपका रुंद, एक ठिपका उंच, डोळ्याला न दिसणारी चित्रे घालायला सुरुवात केली. त्यांचा उपयोग एकच, पाळत. भिंतीला भोक पाडावे आणि वर चित्र टांगावे, तसलाच प्रकार. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकने २००३ च्या आवृत्तीपासून बाहेरची चित्रे आपण होऊन आणणे बंद केले. डिसेंबर २०१३ पासून जीमेल ती स्वतःच्या यंत्रांमार्फत आणून दाखवू लागले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने पत्र खरोखर उघडले की नाही हेच कळू नये अशी सोय दिली. चोरांमुळे साऱ्या गल्लीने दारे लावून घेतली, आणि प्रामाणिक चित्रेही बाहेर राहिली.

पहिल्या दोन अटी अशा रीतीने, कायद्याने आणि स्वस्ताईने, बऱ्याच अंशी परत मिळाल्या. तिसरी मात्र पाठविणाऱ्याच्या हातात आहे. जपानने तिच्यासाठीही वाट आखून दिली आहे. २००४ साली संकेतस्थळे सर्वांना वाचता यावीत म्हणून एक राष्ट्रीय मानक निघाले. त्याच्या क्रमांकात ८३४१ हा आकडा आहे. जपानी उच्चारांच्या खेळात हे आकडे 'यासाशी' असे वाचता येतात, म्हणजे प्रेमळ, सोपे. त्यात एक साधी अपेक्षा आहे: चित्राला त्याच्या अर्थाचे शब्द जोडा, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याचे यंत्र ते वाचून दाखवील. एप्रिल २०२४ पासून अपंग व्यक्तींची वाजवी सोय करणे खाजगी व्यवसायांनाही कायद्याने बंधनकारक झाले आहे. वार्तापत्र लिहिणाऱ्याने ह्या दोन्ही गोष्टी मनात धराव्यात.

मंडळी, आता हा विषय आपल्या अंगणात आणतो. कारण ह्या बाबतीत आपण मराठी माणसे माझ्या त्या सशांहून फारसे वेगळे नाही.

आपल्याला ही सवय का लागली हे समजण्यासारखे आहे. नव्वदच्या दशकात देवनागरी संगणकावर होती, पण प्रत्येक फॉन्टचे गणित निराळे. पुण्याहून निघालेले पत्र टोकियोत उघडावे, तर त्याची कचऱ्यासारखी विचित्र चिन्हे व्हायची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण घरच्या आणि कचेरीच्या संगणकांत ती सुखाने दिसू लागली ती विंडोज २००० आणि त्यानंतर. तोवर उपाय एकच, मराठी मजकूर छापायचा, त्याचे चित्र करायचे आणि ते पाठवायचे. तेव्हा ती लाचारी होती. आज ती लाचारी राहिलेली नाही. फोनवर मराठी लिहिता येते, शोधता येते, ऐकता येते. तरी गणपतीचे निमंत्रण, कोजागरीची वेळ, वर्गणीचा तपशील, सारे आपण मोरपिसांच्या किनारीच्या चित्रात कोरून पाठवितो.

मागे आमच्या ओळखीच्या एका घरी मुलाकडे राहायला आलेल्या काकू भेटल्या. मोतीबिंदूनंतर त्यांची नजर अधू झाली आहे. त्यांचा फोन त्यांना पत्रे वाचून दाखवितो, आणि त्या यंत्राशी त्यांची छान गट्टी आहे. मी सहज विचारले, "काकू, परवाच्या कार्यक्रमाला दिसला नाहीत?" त्या म्हणाल्या, "अरे, मला कळलेच नाही. निमंत्रण आले, पण माझा फोन नुसता 'फोटो' म्हणाला आणि गप्प बसला."

मला एकदम तो छापलेला कागद आणि ती रिकामी चौकट आठवली. फरक एवढाच की इथे कोणाचा माल अडकला नव्हता. एक बाई संध्याकाळभर घरी बसून राहिली, आणि तिने कुणाकडे तक्रारही केली नाही. त्या निमंत्रणाच्या तयारीत मीही होतो, हे कबूल करून टाकतो.

चित्र काढूच नका, असे मी म्हणत नाही. सशांची मला अजूनही आठवण येते. ते ससे खरोखर गोड होते. माफीच्या त्या भेटीनंतर आमच्या वार्तापत्रात चित्रे आली, पण मजकूर अक्षरांत राहिला. प्रत्येक चित्राला दोन ओळींचे वर्णन जोडले, चित्र पत्रातच बांधून पाठविले, आणि ज्यांनी नाव नोंदविले त्यांनाच पाठविले. पाठविण्यापूर्वी चित्रे बंद करून एकदा पत्र वाचायचे, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. मूळ गोष्ट तशीही कळली, तरच बटण दाबायचे. पुढे ते मालक कारखाना मुलाकडे सोपवून निवृत्त झाले. तोवर ते आमचे ग्राहक होते.

आमच्या पुढच्या गणेशोत्सवाचे निमंत्रण तयार करण्याचे काम मी मागून घेतले आहे. वर गणपतीचे चित्र असेल, मुलांनी काढलेले. त्याखाली दिवस, वेळ, सभागृहाचा पत्ता आणि जवळचे स्थानक साध्या मराठी अक्षरांत असेल. पाठविण्यापूर्वी ते मी काकूंच्या फोनवर ऐकून घेणार आहे.